हुआय साय ते लुआंग प्रबांग: मेकाँगवरचे दोन दिवस

हुआय सायच्या धक्क्यावर नऊ-साडेनऊला पोचलं तर कडेची जागा मिळते, साडेदहानंतर पोचलं तर इंजिनाशेजारची. उत्तर लाओसमधल्या या दोन दिवसांच्या नदीप्रवासातली निम्मी सुखदुःखं त्या एका तासात ठरून जातात.

थायलंडच्या चियांग खोंग गावासमोर, नदीपलीकडे, लाओसचं हुआय साय. तिथून मेकाँगच्या धारेबरोबर सुमारे 300 किलोमीटर खाली लुआंग प्रबांग. मध्ये पाकबेंगला एक रात्र. लाओ लोक या बोटीला 'हुआ सा' म्हणतात, म्हणजे संथ बोट. फोटो बघून हिला क्रूझ समजणारे पहिल्याच तासात कुरकुरायला लागतात. ही नदीवरची एसटी आहे. काठावरून कुणी हात केला की थांबते, तांदळाची पोती, कोंबड्यांचं खुराडं, जमलं तर मोटरसायकलही चढवून घेते, आणि वेळ पाळते ती नदी बघून. अलीकडे रस्ते झाल्यामुळे गावकरी कमी झालेत आणि पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी वाढलेत, पण बोटीची चाल तीच आहे.

बहुतेक जण थायलंडमधल्या चियांग राय शहरातून येतात. तिथल्या जुन्या बसस्टँडवरून चियांग खोंगला साधी बस पहाटे सहापासून सुटते; दोन ते अडीच तास लागतात. पूर्वी गावातूनच होडीने पलीकडे जाता यायचं. डिसेंबर 2013 मध्ये चौथा मैत्री पूल सुरू झाला आणि परदेशी माणसांसाठी ती होडी बंद झाली. पूल गावापासून दहाएक किलोमीटर दूर आहे, म्हणून बस कंडक्टरला चढतानाच 'पूल' असं सांगून ठेवायचं. गावात उतरलात तर टुकटुकचे पैसे वेगळे. थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का पासपोर्टवर पडला का ते स्वतः बघायचं, मग पुलावरच्या शटल बसचं तिकीट काढायचं. पुलावरून चालत जाऊ देत नाहीत. थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, लाओसमध्ये उजव्या. लाओसच्या नाक्यावर पोचेपर्यंत आपली बस बाजू बदललेली असते. पुढे दोन दिवस रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायची सवय लावून घ्या.

लाओसच्या नाक्यावर भारतीय पासपोर्टवर आगमनावेळी व्हिसा मिळतो, तरी निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम आणि फी बघून घ्यावी. ई-व्हिसा घेणार असाल तर तो याच पुलावर चालतो का, हे अर्ज भरण्याआधी तपासा. प्रत्येक नाक्यावर चालत नाही. लागतं काय, तर सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट, एक फोटो, दोन फॉर्म आणि अमेरिकन डॉलर. डॉलर म्हणजे कोरे करकरीत. घडीवर फाटलेली, शाईचा ठिपका असलेली, चुरगळलेली नोट खिडकीतून परत येते आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो. थायलंडचे बाथ देता येतात, पण मग त्यांचा दर चालतो आणि तो आपल्या बाजूचा नसतो. फोटो नसेल तर थोडे जास्त पैसे घेऊन काम होतं. एका खिडकीत कागद द्यायचे, दुसऱ्या खिडकीत पासपोर्ट घ्यायचा. अर्ध्या तासात होणारं काम दोन पर्यटक बस एकदम आल्या की दीड तासावर जातं.

इथेच हिशोब चुकतो. चियांग रायची पहिली बस, मग पूल, व्हिसा, आणि पुलापासून धक्क्यापर्यंत सामायिक गाडीने अर्धा तास, हे सगळं जुळून आलं तर त्याच दिवसाची बोट मिळते. एक कडी निसटली की बोट गेली, कारण दिवसाला मोजक्याच सुटतात आणि त्या सगळ्या सकाळीच. आदल्या दिवशी दुपारी हुआय सायला येऊन झोपावं हे उत्तम. गाव एका रस्त्याचं आहे. टेकडीवर वाट चोम खाओ मणिलात हे देऊळ, त्याच्या पायऱ्यांच्या दोन्ही कठड्यांवर नाग उतरत येतात. संध्याकाळी वर गेलं की उद्याची नदी समोर पसरलेली दिसते. 'वाट' म्हणजे देऊळ. मराठी माणसाला पहिल्या दिवशी याची गंमत वाटते, तिसऱ्या दिवशी सवय होते.

संध्याकाळीच एटीएममधून किप, म्हणजे लाओसचे पैसे, काढून ठेवा. एका वेळी मिळणारी रक्कम लहान असते, प्रत्येक वेळी शुल्क कापलं जातं आणि पाकबेंगच्या यंत्रात पैसे असतीलच याची खात्री कुणी देत नाही. गेल्या काही वर्षांत किप इतका घसरला आहे की जुन्या लेखांतले भाव निरुपयोगी झालेत. आकडा पाठ करून जाऊ नका, धक्क्यावरच्या फलकावरचा वाचा.

तिकीट धक्क्यावरच्या खिडकीत मिळतं. चियांग माय किंवा चियांग रायमधले दलाल 'सगळं धरून' विकतात त्यात बोट हीच असते, फक्त महाग. हुआय साय ते पाकबेंग आणि पाकबेंग ते लुआंग प्रबांग अशी दोन तिकिटं वेगळी घेता येतात. पाकबेंगला जास्तीची रात्र काढायची असेल तर वेगळीच घ्या. पासपोर्ट दाखवावा लागतो, नाव वहीत उतरवून घेतात.

बोट लांबच लांब, अरुंद, लाकडी, तळाला सपाट आणि छताला बुटकी. उंच माणसाचं डोकं दिवसातून दोनदा तुळईला लागतं. काठावरून आत जायला एकच फळी, ती पाऊल पडलं की लवते. काही बोटींवर दारातच पादत्राणं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यायची असतात, म्हणून बुटांपेक्षा चपला सोयीच्या. आतल्या खुर्च्या म्हणजे जुन्या व्हॅनमधून उपटून आणलेल्या सीटा. बऱ्याच बोटींत त्या जमिनीला ठोकलेल्या नसतात. पाय पसरायला मागच्याने आपली सीट ढकलली की आपले गुडघे पुढच्याच्या पाठीत. तिकिटावर जागेचा क्रमांक असतो, तो पाळायचा की नाही हे त्या दिवसाच्या गर्दीवर ठरतं.

बसायचं कुठे? मागच्या भागात डिझेल इंजिन, त्याच्या अलीकडे शौचालय आणि चहा-बिअरचं छोटं दुकान. इंजिनाजवळच्या तीन-चार रांगांत सात तास बसलं की उतरल्यावरही कानात घरघर राहते. अगदी पुढे वारा लागतो, थंडीत तो हाडात शिरतो. पुढून एक तृतीयांश अंतरावर, डाव्या बाजूला बसावं. नदी वळणावळणाची असली तरी एकूण ओघ पूर्वेकडे आहे, त्यामुळे दुपारचं ऊन बहुतांशी उजवीकडून येतं. उजवीकडच्यांना ताडपत्रीचा पडदा सोडावा लागतो आणि पडदा सोडला की नदी संपली.

मोठं सामान पुढच्या फळ्यांखाली किंवा मागे इंजिनाजवळ जातं आणि मुक्कामापर्यंत हाती लागत नाही. औषध, पाणी, जाकीट, पॉवरबँक, कानातले बोळे आणि टॉयलेट पेपर हे हातातल्या पिशवीत हवं. तळातल्या सामानाला ओल लागते, म्हणून आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. ती न घालण्याची चूक फार जण करतात आणि पाकबेंगला ओले कपडे वाळत घालत बसतात.

अकरा-साडेअकराला बोट सुटते, निदान सुटायला लागते. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, झेंडूची फुलं आणि केळीच्या पानाचा द्रोण बांधलेला दिसेल. बोटीची देवता नाळेवर बसते असा समज आहे. तिथे पाय टाकून बसू नये, फोटोसाठी तर नाहीच. चालक पुढे बसतो. चाक पुढे, सुकाणू पार मागे, बोटीच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे चाक फिरवल्यावर शेपूट हलते आणि मग तोंड वळतं, त्यामुळे त्याला प्रत्येक वळण आधीच घ्यावं लागतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे बघण्यासारखं असतं. समोर काळे, धारदार खडक उघडे पडलेले, त्यांच्यावर जलवाहतुकीचे सिमेंटचे खांब, आणि त्या खडकांमधून बोट सरळ न जाता एकदा या काठाला, एकदा त्या काठाला तिरकी कापत जाते. चालकाची नजर खडकावर नसते, पाण्यावर असते. जिथे पाणी गुळगुळीत तेलासारखं वर फुगून येतं तिथे खाली काहीतरी आहे. जिथे लाटांचा चिमटा बसतो त्याच्या मधोमध धार खोल आहे. इंजिनाचा आवाज एकदम उतरला की त्याने भोवरा टाळण्यासाठी वेग कमी केला असं समजावं. घाबरायचं कारण नसतं. खरी भीती वेगबोटीची. सहा तासांत पोचवणारी ती छोटी होडी हेल्मेट घालून बसवते, यातच सगळं आलं. त्याच खडकांमधून ती भन्नाट वेगाने जाते आणि तिचे अपघात झालेले आहेत. वेळ वाचवायचा असेल तर रस्त्याने जा.

पहिले काही तास उजवा काठ थायलंडचा, डावा लाओसचा. पुढे थायलंडची हद्द नदी सोडून डोंगरात शिरते आणि दोन्ही काठ लाओसचे होतात. फोनवर थाय कंपनीचं नेटवर्क मेलं की समजायचं. नंतर मधल्या डोंगरांत लाओ सिमही तासन्‌तास गप्प असतं.

काठावरची नावं थोडी भाषा कळली तर बोलायला लागतात. 'पाक' म्हणजे मुख. पाक था म्हणजे था नदी मेकाँगला मिळते ती जागा, पाकबेंग बेंग नदीची, पाक ऊ ऊ नदीची. 'नाम' म्हणजे पाणी आणि नदीही, 'बान' म्हणजे गाव, 'थाम' म्हणजे गुहा, 'फू' म्हणजे डोंगर. नदीला 'मे नाम' म्हणतात: पाण्याची आई.

हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वाळूच्या पट्ट्यांवर भुईमूग लावलेला दिसतो. पावसाआधी काढून घ्यायचा, मग नदी पट्टा परत घेते. बायका उथळ लाकडी थाळ्यांत वाळू घोळवून सोन्याचे कण शोधत असतात. खडकांच्या खाचेत बांबू रोवून मासे धरायची जाळी टांगलेली. थांबा म्हणजे धक्का नव्हेच; बोटीचं तोंड वाळूत खुपसतात, फळी पडते, दोन पोती आणि एक आजीबाई उतरतात, बोट मागे सरकते.

आता प्राण्यांबद्दल. 'मेकाँग' म्हटलं की डॉल्फिन असतीलच असं गृहीत धरून दुर्बीण घेऊन बसणारे भेटतात. इरावती डॉल्फिन या भागात नाहीत. त्या शेकडो किलोमीटर दक्षिणेला, खोनच्या धबधब्यांखाली. लाओसच्या वाट्याच्या डोहातली शेवटची 2022 मध्ये गेली, आता बघायच्या तर कंबोडियात क्राती परिसरात. इथल्या पाण्याचा मोठा रहिवासी म्हणजे मेकाँगचा महाकाय मांजरमासा, 'पा बुक'. 2005 मध्ये चियांग खोंगला 293 किलोंचा एक सापडला होता. आज तो दुर्मीळ आहे, बोटीतून दिसणार नाही. दिसतात त्या पाण्यात मानेपर्यंत बुडालेल्या म्हशी, खडकावर पंख वाळवणारे पाणकावळे, खंड्या, टिटव्या, धोबी. जंगल बघायचं असेल तर बोटीआधी दोन-तीन दिवस काढून हुआय सायहून नाम कान राष्ट्रीय उद्यानात जावं. तिथे झाडांवरच्या घरांत राहतात, दरीवरून तारेला लटकून जातात आणि पहाटे काळ्या तुऱ्याच्या गिबन वानरांची हाक ऐकू येते. हाक नशिबात असते; दर्शन सगळ्यांना नाही.

खाणं बोटीवर म्हणजे गरम पाणी ओतलेले नूडल्स, चिप्स, बिअर. हुआय सायला सकाळी पाव भरून देतात, 'खाओ ची' म्हणायचं, तो बांधून घ्या. शाकाहारी माणसाने दोन वाक्यं पाठ करावीत: 'बो साय सीन', मांस घालू नका, 'बो साय नाम पा', माशाचं पाणी घालू नका. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण भाजीत मांस नसलं तरी माशाचा रस किंवा 'पादेक' ही आंबवलेल्या माशाची चटणी असतेच. 'किन जे' म्हटलं की बौद्ध पद्धतीचं शाकाहारी समजतात. नदीतल्या शेवाळाचे तीळ-लसूण लावून वाळवलेले कागदासारखे पापड, 'काय पेन', जरूर खावेत. सोबत येणारी लाल-काळी चटणी 'जेओ बोंग' मात्र विचारून. तिच्यात म्हशीचं कातडं घालतात. बांबूच्या टोपलीतला चिकट भात आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी ही जोडी मात्र तिथल्या कुठल्याही हॉटेलला हरवते.

संध्याकाळी पाच-सहाला पाकबेंग येतं. उदोमसाय प्रांतातलं हे गाव उभ्या चढावर आहे आणि धक्क्यापासून वर जाणारी वाट अंधारात आणखीच उभी वाटते. टॉर्च खिशात हवा. दुसऱ्या दिवशीची बोट वेगळी असते, म्हणून सामान सगळं उतरवायचं. काठावरची पोरं बॅग उचलायला धावतात. देणार असाल तर पैसे आधी ठरवा, नाहीतर वर पोचल्यावर आकडा दुप्पट होतो. खोल्यांच्या पाट्या घेतलेले लोक धक्क्यावरच असतात. आधी बुकिंग नसेल तरी गर्दीचा हंगाम सोडून खोली मिळते, पण पैसे देण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा. समोरच्या काठावर हत्तींचं एक उद्यान आहे. कधी कधी सकाळच्या धुक्यात हत्ती पाण्यात उतरलेले गॅलरीतून दिसतात. नीट बघायचं तर जास्तीची रात्र हवी. लाओसचं जुनं राज्य 'लान सांग', म्हणजे दहा लाख हत्ती, हे नाव आता त्या मानाने फार मोठं वाटतं.

दुसऱ्या सकाळी साडेआठच्या सुमाराला धक्क्यावर. डिसेंबर-जानेवारीत नदीवर धुकं इतकं दाट बसतं की चालक ते उठेपर्यंत सोडत नाही. तेव्हा लोकरी टोपी घातलेली बरी, उघड्या बोटीत पहाटेचे 13-14 अंश बोचतात. मार्च-एप्रिलमध्ये उलटी तऱ्हा: डोंगरांवर कुमरीसाठी, म्हणजे फिरत्या शेतीसाठी, जंगल जाळतात, आपल्याकडे कोकणात करत तसंच, आणि धुराने सूर्य तांबडा गोळा होऊन राहतो. डोळे चुरचुरतात, डोंगर दिसतच नाहीत. पावसाळ्यात पाणी भरपूर, वेग जास्त, पण ओंडके वाहून येतात. नोव्हेंबर सगळ्यात चांगला: पाणी अजून आहे, पाऊस गेलाय, धूर यायचाय.

दुसरा दिवस लांब, सात-आठ तास. दुपारनंतर चुनखडीचे कडे दिसू लागतात आणि मग एकदम नदीत काँक्रीट उभं राहतं. हे लुआंग प्रबांग धरण, 1,460 मेगावॉटचं, गावाच्या सुमारे 25 किलोमीटर वर. याच वाटेवर पाकबेंगच्या वरच्या अंगाला दुसरं, 912 मेगावॉटचं, ठरलेलं आहे. लुआंग प्रबांगच्या खाली सायाबुरीचं धरण 2019 पासून वीज देतंय आणि वर चीनमधली धरणं पाणी सोडतील तसं इथलं पाणी चढतं-उतरतं. त्यामुळे काल उघडा असलेला खडक आज बुडालेला असू शकतो. बोटींसाठी धरणात जलपाश, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली नेणारा बंदिस्त हौद, ठेवतात, म्हणजे संथ बोट अजून संथ होणार.

धरणानंतर थोड्याच वेळात डाव्या हाताला ऊ नदी मिळते आणि तिच्या समोर, उजव्या कड्यात, पाक ऊच्या गुहा: खालची थाम तिंग, वरची थाम थुंग. आत शेकडो वर्षांत भाविकांनी आणून ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती. सार्वजनिक बोट थांबत नाही, फक्त पांढऱ्या पायऱ्या सरकत जातात. महागड्या खाजगी बोटी थांबतात. नाहीतर लुआंग प्रबांगहून अर्ध्या दिवसात परत यायचं. वरच्या गुहेत पूर्ण अंधार असतो, पाकबेंगचा टॉर्च इथे दुसऱ्यांदा कामाला येतो.

चार-पाचला बोट लागते ती लुआंग प्रबांगच्या उत्तरेला, गावापासून दहाएक किलोमीटरवर. नवख्यांना वाटतं चालक फसवतोय आणि काही जण बोटीतच बसून राहतात. फसवत नाही. वर्षानुवर्षं धक्का तिथेच आहे. पायऱ्या चढून वर खिडकीत टुकटुकचं सामायिक तिकीट घ्यायचं आणि गावात जायचं.

एके काळी राजे नदीने यायचे आणि वाट सिएंग थोंगच्या पायऱ्यांवर उतरायचे. म्हणून गावातली पहिली भेट तिथे. मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमाजवळचं हे देऊळ राजा सेत्थाथिरातने 1560 च्या सुमारास बांधलं. छप्परं एकावर एक, इतकी खाली उतरलेली की हाताला लागतील. मागच्या भिंतीवर काचतुकड्यांचं मोठं झाड आहे, तांबड्या जमिनीवर. शेजारच्या छोट्या लाल कोठीच्या भिंती मात्र सावकाश बघा: गुलाबी रंगावर नखाएवढ्या काचांचे लोक शेत नांगरतात, होडी वल्हवतात, ताडावर चढतात. दोन दिवस काठावर जे पाहिलं तेच इथे चिकटवलेलं आहे. सकाळी ऊन तिरकं असताना काच चमकते, दुपारी विझते. समोरच्या रथशाळेच्या सोनेरी दारांवर रामकथा कोरलेली आहे. लाओ रामकथेच्या नावात लक्ष्मण रामाच्या आधी येतो.

बौद्ध भिक्खूंच्या पहाटे साडेपाचच्या भिक्षाफेरीला जायचं तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून, खांदे-गुडघे झाकून, फ्लॅश न वापरता. दान करणार असाल तर भात आदल्या दिवशी आपल्या गेस्टहाउसमध्ये सांगून ठेवा. फुटपाथवर टोपल्या विकणाऱ्यांकडचा शिळा निघतो. दुपारी 30 किलोमीटरवरचा क्वांग सी धबधबा, आणि त्याच्या वाटेवर सुटका केलेल्या चंद्र-अस्वलांचं केंद्र. प्रवासात खात्रीने दिसणारा वन्य प्राणी एवढाच, तोही कुंपणाआड.

पुढे राजधानी व्हिएनतियानला डिसेंबर 2021 पासून रेल्वे आहे, दोन तासांत पोचवते. तिकीट आधी काढा, गर्दीच्या दिवसांत संपतं. स्टेशनात सामान एक्स-रेमधून जातं आणि चाकू, कात्री, डास मारायचे फवारे काढून घेतात. आणि लाओस सोडण्याआधी उरलेले किप खर्चून टाका. सीमेपलीकडे ते कुणी बदलून देत नाही.